हिराजीची पाटी

हरण्याची इतकी दांडगी हौस असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि असा माणूस अख्ख्या मुलखात एकच असताना तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला यावा, याला काय म्हणायचं? हे आमचे भावोजी. बेलापूर आणि उरणच्या मधल्या एका गावात राहायचे आणि तिथल्याच मिठागरावर राबायचे. तेव्हा तिथे ना पूल होता ना शहर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दूरवर द्रोणागिरीचा डोंगर आणि मध्ये मिठाचे पांढरे ढीग. अंगानं भावोजी शेवग्याच्या शेंगेसारखे. चालताना दोन्ही गुडघे एकमेकांची विचारपूस करायचे. आणि असा हा माणूस दरवर्षी न चुकता पाटीच्या शर्यतीत उतरायचा, आणि न चुकता सगळ्यांच्या आधी बाद व्हायचा.

ही पाटीची शर्यत म्हणजे काय, ते सांगतो. मिठाचा हंगाम संपला, की पावसाच्या आधी गावातले गडी मिठानं शिगोशीग भरलेली पाटी डोक्यावर घेऊन मिठागराच्या बांधावरून चालायला लागत. पळायचं नाही, बसायचं नाही, नुसतं चालायचं. ज्याची पाटी खाली आली तो बाद, आणि शेवटी जो एकटा उरेल तो जिंकला. मग गावातला सगळ्यात म्हातारा माणूस पुढे होऊन त्याला विचारी, "कोनाची पाटी?" कुणी स्वतःचं नाव सांगे, कुणी मेलेल्या बापाचं, कुणी देवाचं. जे सांगेल ते नाव सगळा गाव एका आवाजात पुकारी, आणि तो पुकारा झाल्याशिवाय पाटी उतरवायची नाही असा रिवाज होता. त्या पाटीतलं मूठमूठ मीठ घरोघर जाई. पावसाळ्यासाठी मासळी खारवताना पहिलं मीठ ते पडलं पाहिजे, नाहीतर मासळीला किडे होतात, असं तिथल्या बायका शपथेवर सांगत. आता भरली पाटी काही एकट्याला डोक्यावर चढवता येत नाही, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. भावोजींना हात लावायचा त्यांचा मित्र हिराजी. तो आधी यांची पाटी चढवून देई, मग स्वतःची चढवून घेई, आणि आपला आरामात जिंकून येई. तोवर भावोजी कधीचे बाद होऊन बांधावर विडी ओढत बसलेले असत, आणि जिंकल्याचा आनंद मात्र हिराजीपेक्षा यांच्याच तोंडावर जास्त.

हिराजीकडे उघाडीचं काम होतं. म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार वेळेवर उघडायचं आणि वेळेवर लावायचं. एका उधाणाला बांध फुटला. भगदाड बुजवायला सगळ्यांच्या आधी हिराजी धावला आणि पाण्याबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी तो सापडला. त्याला जाळून लोक घरी येतात न येतात तोच मिठागराच्या शेठनं जाहीर करून टाकलं, की हिराजी पिऊन पडला होता, दार उघडं राहिलं आणि त्यामुळे बांध गेला. त्या बांधाच्या डागडुजीला शेठनं कित्येक हंगामांत मातीचं ढेकूळ टाकलं नव्हतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण रोजगार शेठचा. गावानं हिराजीचं नाव घेणंच सोडलं. मी तेव्हा पनवेलला मास्तर होतो. मी त्या सगळ्यात म्हाताऱ्या बाबाला याचा जाब विचारला, तर तो म्हणाला, "मास्तर, खाल्ल्या मिठाला जागाया पायजे." मीठ पिकवायचं यांनी, आणि जागायचं मात्र शेठला. मला त्या गावाचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

भावोजी मात्र कुणाशी भांडले नाहीत. त्यांना भांडता येतच नसे. त्यांनी फक्त ठरवलं, की आता शर्यत जिंकायची आणि "कोनाची पाटी?" असं विचारलं, की हिराजीचं नाव सांगायचं. मग गावाला ते पुकारावंच लागेल. झालं, त्या दिवसापासून माझ्या बहिणीच्या संसारात एक पाटी शिरली ती काही बाहेर निघेना. सकाळी उठल्यापासून हे ओल्या वाळूची पाटी डोक्यावर घेऊन हिंडायचे. पाटी डोक्यावर, आणि हे गाईला चारा घालताहेत. पाटी डोक्यावर, आणि हे आरशात बघून दाढी करताहेत. कुणी हाक मारली तर मान वळत नसे, म्हणून पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखे पायापासून सगळेच वळत. माझ्या लग्नाला येताना एस.टी.च्या कंडक्टरनं पाटी उतरवा म्हणून सांगितलं, तर पाटीच्या ऐवजी हे स्वतःच उतरले आणि पनवेलपर्यंत चालत आले. अक्षता पडून गेल्या होत्या. मांडवात पाटीसकट उभ्या राहिलेल्या या पाहुण्याला बघून माझ्या सासऱ्यांना वाटलं, मीठ विकायला कुणी आलंय. त्यांनी नको म्हणून हात हलवला.

पाटी चढवायची तऱ्हा तर बघण्यासारखी. दुसऱ्या कुणाचा हात ते लावून घेत नसत. "हिराजी नाय ना, मंग कोनीच नाय," एवढंच म्हणायचे. छातीइतक्या उंच ओट्यावर पाटी ठेवायची, मग बकरीसारखं वाकून तिच्याखाली डोकं घालायचं आणि देवाचं नाव घेत उभं राहायचं. पहिले कितीतरी दिवस पाटी उपडी व्हायची, आणि भावोजी वाळूतून डोळे तेवढे मिचकावत बाहेर यायचे. ताई दारात उभी राहून हे सगळं बघायची. तिची जीभ लहानपणापासून तिखट. "बाला, तुजे भावोजींना सांग," ती मला म्हणायची, "मान मोडली तं मी काय पाटी डोक्यावर घेऊन रडनार नाय. न् त्या पाटीला माजा हात लागनार नाय, मरंपरेंत नाय." आणि इतकं बोलून रात्री त्यांच्या मानेला तेल चोळायला तीच बसायची.

असे ते किती वेळा हरले, ते मी मोजलं नाही. पण दरवर्षी जरा उशिरा हरू लागले, आणि एके वर्षी बांधावर दोघंच उरले. एक भावोजी आणि एक शेठचा मुकादम, माणूस कसला, रेडाच. उन्हं कलली तरी दोघं चालतच होते. भावोजींचे गुडघे नेहमीसारखे विचारपूस करत होते, पण थांबत नव्हते. शेवटी मुकादमानं घाम पुसायला एक हात सोडला, पाटी कलली आणि सगळं मीठ बांधावर सांडलं.

म्हातारा बाबा पुढे झाला. शेठ खुर्ची टाकून बसला होताच. "कोनाची पाटी?"

"हिराजीची," भावोजी म्हणाले.

सगळा गाव गप्प. एरवी पुकाऱ्यानं खाडीतले बगळे उडायचे, त्या दिवशी बगळेसुद्धा जागचे हलले नाहीत. बाबा खाली बघू लागला. मला राहवेना, मी ओरडलो, "हिराजीची पाटी." पण मी पडलो परगावचा, रिवाजात माझा आवाज धरत नव्हते. लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी दुसऱ्याच्या मयताला जाऊन जेवायला मागितलं होतं. शेठ उठला, धोतर झटकलं आणि निघून गेला. त्याच्या मागून एकेक जण पाय ओढत निघाला. भावोजी तसेच उभे. पुकारा नाही, तर पाटी उतरायची नाही. शर्यत कधीच संपली होती, यांचं मात्र अजून चाललंच होतं. मान थरथरत होती, मीठ पाझरून कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, आणि त्यांना ते पुसताही येत नव्हतं.

तेव्हा ताई बांधावर चढली. आजवर तिथे कुठल्या बाईनं पुकारा केला नव्हता. घरी त्यांच्या नावानं खडे फोडायची त्याच सुरात ती पाठमोऱ्या गावावर ओरडली, "हिराजीची पाटी. हिराजीची." आणि मग जिला मरेपर्यंत हात लावणार नव्हती ती पाटी तिनं दोन्ही हातांनी उतरवून घेतली. भावोजी म्हणाले, "हलू, भरलेली हाय."

पुढच्या वर्षी शेठनं शर्यतच बंद केली. आज तिथे मिठागर नाही, बांध नाही, मोठमोठी गोदामं आहेत. भावोजी गेले, ताईही गेली. मी तिकडे जात नाही. पण त्या शर्यतीनंतरचे दोन-चार दिवस मी ताईकडेच राहिलो होतो. भावोजी पडवीत पालथे पडलेले, मान अवघडून लाकूड झालेली. दिवेलागणीच्या सुमाराला मागच्या दारी एकेक बाई यायची. पावसाळा तोंडावर आला होता, मासळी खारवायची होती. "वैनी, मूठभर मीठ दे गो," ती हळूच म्हणायची.

"कोनाचं मीठ?" ताई विचारायची.

बाई मागेपुढे बघायची. मग पुटपुटायची, "हिराजीचं."

"मोठ्यानं बोल. कान गेलेत माजे."

"हिराजीचं."

मग ताई मूठ भरून द्यायची. गावातलं एकही घर राहिलं नाही, मुकादमाचंसुद्धा. भावोजींना मान वळवून बघता येत नव्हतं. ते नुसते पडल्या पडल्या ऐकायचे आणि दर नावाला डोळे मिटायचे.

शेवटची बाई गेली तेव्हा पाटीच्या तळाशी मूठभरच उरलं होतं. मी पनवेलला निघालो होतो. ताईनं ती मूठ माझ्यापुढे धरली आणि तितक्याच रागानं विचारलं, "कोनाचं मीठ?" वर्गात ओरडून ओरडून माझा घसा तयार झालेला, पण तेवढं एक नाव न घेताच मी ओंजळ पुढे केली. ताई हात तसाच धरून थांबली.