बोर्ड टेबलावर, शटर वर

या सदरातले गूढ अनुभव मी नेहमी वाचते, आणि वाचून झाल्यावर मनात म्हणते की वायरिंग तपासा म्हणावं आधी. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. आमच्या प्लांटमध्ये एखादा व्हॉल्व्ह उघडला, तर तो "आपोआप उघडला" असं कुणी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचं मला जरा हसू येतंय... पण घरातलं एक कोडं माझ्याकडून सुटत नाहीये.

आम्ही बडोद्याला हरणीत राहतो, एअरपोर्टकडच्या एका सोसायटीत. मी आणि बाबा, दोघंच. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. घराला लागून गॅरेज आहे, त्याला मोटरवर चालणारं लोखंडी शटर, आणि आत आमची जुनी पेट्रोल गाडी. स्वयंपाकघरातूनही गॅरेजमध्ये जायला एक दार आहे.

मे महिन्यात ते शटर बिघडलं. रिमोट दाबला की वरच्या खोक्यात नुसतं 'टक्' व्हायचं, शटर जागचं हलायचं नाही. मेकॅनिक म्हणाला, "बेन, आवता अठवाडिये." पुढच्या आठवड्यापर्यंत कोण थांबणार? म्हटलं, आपणच बघू. रिमोटची बॅटरी बदलली. कपॅसिटर तपासला, ठीक होता. मोटरला थेट सप्लाय दिला तर शटर चालायला लागलं! म्हणजे मोटर चांगली, दोष तिला हुकूम देणाऱ्या कंट्रोल बोर्डात. शटरचा मेन स्विच बंद करून बोर्ड काढला, मोटरच्या मोकळ्या वायरींना टेप गुंडाळली. शटर अर्ध्यावर राहिलं होतं, ते हातसाखळीने खाली घेतलं. ही साखळी गॅरेजच्या आतल्या बाजूला लोंबते, आणि ती ओढता ओढता माझे दंड भरून आले.

बोर्डावरच्या एका रिलेचे, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या छोट्या स्विचचे, कॉन्टॅक्ट जळले होते. नवा रिले आणला आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर सोल्डरिंगला बसले. कूलर फुल स्पीडवर घरघरत होता. बाबा म्हणाले, "पडतो जरा." मी मान वर न करताच "हं" म्हटलं.

पण बाबा खोलीत गेलेच नव्हते. गाडीतला प्लेअर घरातल्यापेक्षा चांगला वाजतो, असं त्यांचं मत. एसी लावून नाट्यसंगीत ऐकावं म्हणून ते गॅरेजमध्ये गेले होते. स्वयंपाकघराचं दार मागे लावून घेतलं, गाडी चालू केली. शटर तर बंदच होतं...

मी शेवटची पिन जोडत होते, तेवढ्यात कुणीतरी बेलवर बोट दाबूनच धरलं. समोरच्या हंसाबेन.

"वैशाली! जल्दी आव! काका गाडीमां पड्या छे!"

मी धावत बाहेर आले. शटर पूर्ण वर होतं. ऊन गाडीच्या बॉनेटपर्यंत आत आलेलं. इंजिन चालू, गाणं चालू, आणि बाबांचं डोकं स्टिअरिंगवर. आम्ही दोघींनी मिळून त्यांना ओढत अंगणात आणलं. त्यांना उलटी झाली, मग डोळे किलकिले करून ते म्हणाले, "डोकं फुटतंय गं." ते वाक्य ऐकून मला रडूच फुटलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवतं का कुणी? धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की त्याला वास येत नाही. शटर उघडलंत म्हणून वाचले."

बाबांना जरा बरं वाटू लागलं, तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं. शटर उघडलं कुणी?

"तुम्ही उघडलंत?" मी हंसाबेनना विचारलं.

"ना रे! हुं तो गॅलरीमां कपडां लेती हती. मोटर चालू थई, शटर उपर गयुं, ने अंदर काका."

"मोटर? नक्की मोटरचाच आवाज होता?"

"अरे, रोज सांभळुं छुं ने, बेटा!" रोज ऐकतात तो आवाज, चुकतील कशा?

घरी आल्यावर आधी मेन स्विच पाहिला. बंद. वायरींवर माझीच टेप, जशीच्या तशी. बोर्ड टेबलावर, सोल्डरिंग गनशेजारी.

पहिला संशय बाबांवर घेतला. पण त्यांचा उजवा खांदा आखडलाय, हात छातीच्या वर जात नाही, आणि शटर वर सरकत असतानाच हंसाबेननी त्यांना स्टिअरिंगवर पडलेलं पाहिलं. साखळीपाशी कुणी नव्हतं. शेजारच्यांच्या रिमोटचा सिग्नल? तो घेणारा रिसीव्हर बोर्डावरच असतो, आणि बोर्ड माझ्या हातात होता. स्प्रिंगने उसळलं असेल? खालून सगळा जोर लावून पाहिला, गिअरबॉक्स शटरला बोटभरही हलू देत नाही. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, बाईंना भास झाला असेल. असेलही! पण शटर वर होतं, ते तर मी पाहिलं ना?

बाबा म्हणतात, त्यांना काहीच आठवत नाही. झोप आली एवढंच.

दुरुस्त केलेला बोर्ड मी लावला, शटर उत्तम चालतंय. तरी चैन पडेना. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी बोर्ड पुन्हा काढला, मेन बंद केला, वायरींना टेप लावली, गाडी रस्त्यावर ठेवून शटर साखळीने खाली घेतलं, आणि अंगणात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले. भर दुपारी. हंसाबेननी गॅलरीतून दोनदा विचारलं, "शुं थयुं?" त्यांना काय सांगणार?

बऱ्याच वेळाने बाबा आपली खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले.

"कशाची वाट बघतेस?"

"उघडतंय का बघतेय."

ते अगदी साधेपणाने म्हणाले, "आज कशाला उघडेल? आत कोण आहे?"

मी खुर्ची उचलून आत ठेवली. बोर्ड परत जागेवर बसवला. कारण अजून सापडलेलं नाही.