मिठबावच्या पियानोची एक पट्टी

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हातात पेन्सिल घेऊन वाचत आले. कुठे वारा, कुठे ताप, कुठे नुसता स्मरणशक्तीचा घोटाळा. समासात कारण लिहायचं आणि पान उलटायचं. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा विषय. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही माझी शिस्त. अडचण अशी, की आज जे सांगणार आहे ते मी स्वतः मोजलेलं आहे...

रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत मी विजेवरचा पियानो तयार करण्याच्या कामावर होते. तत्त्व सोपं आहे. खऱ्या पियानोची पट्टी दाबून तिचा आवाज टेपवर घ्यायचा, त्याचे आकडे करायचे आणि ते चिपमध्ये साठवायचे. वाजवणाऱ्याने पट्टी दाबली की तेच आकडे पुन्हा आवाज होऊन बाहेर पडतात. चिपमध्ये जागा अपुरी, म्हणून दर तीन पट्ट्यांतली मधलीच नोंदवायची आणि तिचा आवाज शेजारच्या दोघींसाठी किंचित वर-खाली ओढून घ्यायचा. पहिला नमुना माझ्या नावावर सादर होणार होता. वयाच्या पंचविशीत!

मुंबईत रस्त्याचा आवाज थांबत नव्हता. मिठबावला मात्र आमच्या घराच्या पडवीत एक उभा पियानो होता. माझे थोरले काका, तात्याकाका, मुंबईत पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी तो ट्रकमध्ये घालून गावी आणला. खारी हवा लागू नये म्हणून त्याच्या पोटात एक बारीक बल्ब बारा महिने जळत असे. तात्याकाकांच्या कानाची ख्याती मोठी; भजनी मंडळांच्या पेट्या सूर लावायला पार जामसंड्याहून त्यांच्याकडे येत.

मे महिन्यात मी टेपरेकॉर्डर घेऊन पोहोचले. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, मधल्या सप्तकातला ‘जी’ बोट उचललं तरी थांबत नव्हता. दोनेक सेकंद मागे गुणगुणत राही.

“तारेवरचो नमदो कसरीन खाल्लो,” तात्याकाका म्हणाले. नमदा म्हणजे बोट उचलताच तार गप्प करणारी लोकरीची गादी. “तो ‘जी’ म्हणजे तुज्या बापाशीसारखो. गप रव म्हटल्यार उशिरान गप रवता.”

‘जी’ माझ्या यादीत नव्हताच. शेजारच्या ‘एफ शार्प’वरून तो ओढून घ्यायचा होता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दुसरी गोष्ट मात्र मला खटकली. अख्खा पियानो प्रमाण सुरापेक्षा पाव स्वर उतरवून ठेवलेला होता.

“काका, हा प्रमाण सुरात हवा.”

“तारा धरतत त्या पिनांची फळी सुकली आसा गो. एकदम तारा ओढलंय तर फुटतली. ओढूचोच तर वर्षभर, थोडो थोडो.”

“माझ्याकडे तीन दिवस आहेत.”

“वर्षाचा काम तीन दिसांत? तुमच्या कंपनीत आंबे पण मोहराबरोबरच पिकतत काय?”

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तो पाव स्वर मला आकडेमोडीने भरून काढता आला असता. फार तर दोन दिवसांचं जादा काम. ते टाळायला मी म्हणाले, “इतकी वर्षं ट्यूनर होता ना तुम्ही? की नुसतं सांगायला?”

तात्याकाकांनी तारा ओढायची किल्ली काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी संपली. नोंदणीत आवाज नको म्हणून काकी अंगणातले कावळे हाकलून दमल्या होत्या, मी टेपांवर क्रमांक घालत होते, आणि सुकं लाकूड चिरल्यासारखा आवाज झाला. फळी आडवी तडकली होती. एकेक तार सैल पडत गेली... ते कण्हणं मी अजून विसरलेले नाही.

काकी धावत आल्या. मागोमाग शेजारचे बाबी मेस्त, भजनी मंडळाचे प्रमुख.

“ह्या काय झाला? कित्याक ओढलास तारा?” काकींनी विचारलं.

तात्याकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या टेपांकडे.

“वय झाला. हात चुकलो माजो.”

मी वायर गुंडाळत राहिले.

आठवड्याभरात बाबींनी दुरुस्तीला दिलेली पेटी परत नेली. मग इतरांनीही. हे मला काकींच्या पत्रातून कळलं, तेव्हा माझा नमुना पसंत होऊन मला बढती मिळाली होती.

त्यानंतर महिन्याभराने यंत्रातला ‘जी’ बोट उचलल्यावर मागे राहू लागला.

मी घाबरले नाही, तपासलं. ‘एफ’, ‘एफ शार्प’ आणि ‘जी’ या तिघींचे आकडे एकच. मागे राहत होता फक्त ‘जी’. पट्टीखालचा संपर्क बदलला, चिप बदलली, शेवटी अख्खं यंत्र बदललं. फरक शून्य. मग मागे उरणाऱ्या स्वराची वारंवारता मोजली. दाबलेला ‘जी’ प्रमाण सुरात होता. मागे उरणारा बरोबर पाव स्वर खाली. पियानोच्या कोणत्याही दोन पट्ट्यांच्या मधला, माझ्या एकाही टेपवर नसलेला स्वर. तारा ओढण्यापूर्वी मी एक सेकंदही नोंदवलं नव्हतं.

शिमग्याच्या सुट्टीत मी यंत्र घेऊन एसटीने मिठबावला गेले. पडवीत काकी होत्या, बाबी मेस्तही आधीच बसलेले. मी यंत्र तात्याकाकांपुढे मांडलं.

“तात्यानू, ह्या पेटयेक वारो घालूक लागणा नाय? मगे हात कसो दुखतलो?”

तात्याकाका हसले. ‘जी’बद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं. ते खालून वर एकेक पट्टी दाबत गेले. ‘जी’पाशी बोट उचललं आणि तसंच हवेत धरलं.

“हो माजो सूर,” ते हळूच म्हणाले. “आदीचो. हो तुका खंय गावलो?”

कुठून, ते मलाच माहीत नव्हतं. जे माहीत होतं ते सांगितलं. काकींकडे आणि बाबींकडे पाहून मी म्हणाले, “काका नको म्हणत होते. फळी फुटेल असंही म्हणाले होते. मी टोचून बोलले, म्हणून त्यांनी तारा ओढल्या.”

काकी म्हणाल्या, “धा म्हयने गप रवलंस, गो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबी आपली पेटी घेऊन आले. “चुकलंय, तात्यानू. सूर लावून देवा.”

तात्याकाकांनी भाता उघडला, एक पट्टी दाबली, कान जवळ नेला, पुन्हा दाबली. मग पेटी बंद करून बाबींकडे सरकवली.

“माका आता समजणा नाय रे. हात चुकता.”

“काका, हात कधीच चुकला नव्हता!” मी म्हणाले.

“तू सांगतंस ता खरा असात,” ते म्हणाले. “पण इतक्या जणांक मी तसा सांगलंय... आता माकाच तसा वाटता.”

यंत्र माझ्या टेबलावर आहे. तपासणी अहवालात ‘दोष आढळला नाही’ असं लिहून मी सही केली आहे. ‘जी’ अजून मागे राहतो, पाव स्वर खाली. वाचकांपैकी कुणी कारण सुचवलं तर ते मी जरूर तपासेन. माझ्याकडे कारण नाही. मिठबावला सध्या पेट्या खारेपाटणच्या माणसाकडे जातात.