धनराजने बंद केलेला भोंगा

पडदा वर जातो तेव्हा दिसते ती चामोर्शीच्या बसस्टँडमागची एक खोली, आमच्या नाट्यमंडळाची. डावीकडे दांडीवर टांगलेले राजाचे झगे, उजवीकडे लाकडी तलवारींचा भारा, आणि मधोमध, जिथे सिंहासन असायला हवं तिथे, लोखंडी स्टुलावर एक जुना सर्व्हर. त्याच्यासमोर आपल्याकडे पाठ करून बसलेला, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला चाळिशीचा माणूस म्हणजे धनराज.

त्याचे वडील पत्रूभाऊ आमचे पडदेवाले. झाडीपट्टीच्या नाटकांत मी चाळीस वर्षं राजे, डाकू आणि मुलींचे बाप केले. त्यातला प्रत्येक पडदा पत्रूभाऊने ओढलेला. धनराज विंगेतच वाढला. नटाचा गुण त्याने घेतला नाही, पण आमची एक रीत त्याच्या अंगात मुरली होती: पडदा पडेपर्यंत नटाला वाईट बातमी सांगायची नाही. माझी आई गेल्याची तार पत्रूभाऊने तिसरा अंक संपेपर्यंत बंडीच्या खिशात ठेवली होती. मी रागावलो नाही. त्या रात्री शेवटचा प्रवेश मी चांगला केला, हेही त्यानेच मला नंतर सांगितलं.

धनराज चंद्रपूरला शिकून आला आणि त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मंडळाच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटींना बुरशी धरली होती. एकेक कॅसेट तो शेवटची एकदा वाजवायचा, ती तुटेपर्यंत जेवढं मिळेल तेवढं मशीनमध्ये उतरवून घ्यायचा. त्यासाठीच त्याने कुठल्याशा कार्यालयाच्या भंगारातून हा सर्व्हर आणला. त्यात चार डिस्का आणि त्यांचा कारभार बघणारं एक कार्ड. एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी काम रेटतात, तेवढ्यात नवी घालायची. अशा वेळी कार्ड पीं-पीं करून हाक मारतं. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो.

त्या गाण्यांत वारलूभाऊचा आवाज होता. पेटीवर बसून गाणारा आमचा वारलूभाऊ बारा वर्षांपूर्वी गेला. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्याची बायको ठमाबाई बाजाराच्या दिवशी यायची, पिशवीतून लाखोळीची डाळ काढून धनराजपुढे ठेवायची, एक पद ऐकायची आणि निघून जायची.

दिवाळीआधीच्या एका दुपारी तालीम चालू होती आणि भोंगा सुरू झाला. मी माझ्या सर्वांत लांब भाषणाच्या ऐन मध्यावर होतो. मी तिथूनच ओरडलो, "धनराज, ते पीं-पीं बंद कर बा. माहं भाषण सुरू हाये."

त्याने बंद केलं. तालीम संपल्यावर बघू, असं त्याच्या मनात होतं. पण तालमीमागून हंगाम आला. आम्ही गावोगाव फिरलो, ध्वनियंत्रणेवर तोच होता, आणि हंगाम संपेपर्यंत वाईट बातमी काढायची नाही हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. मधल्या बाजारांच्या दिवशी गाणी वाजतच होती, त्यामुळे तोही विसरला. माघात दुसरी डिस्क गेली आणि गाणी उघडेनाशी झाली. मेलेल्या डिस्कांतून माल परत काढणाऱ्या नागपूरच्या माणसांनी त्या उघडून पाहिल्या आणि नकारार्थी मान हलवली.

त्यानंतर धनराजने एकदा मला समजावलं. मशीनच्या आत कर्नेल म्हणून एक कारभारी असतो. तो एक फोल्डर मांडून ठेवतो, जो कुठल्याच डिस्कवर नसतो. जोडलेल्या प्रत्येक वस्तूची त्यात एक जागा. तिथली फाइल उघडली की कारभारी त्याच क्षणी त्या वस्तूला विचारतो आणि तिचं उत्तर आपल्यापुढे ठेवतो. पण आमच्या कार्डाच्या जागेत फक्त त्याचं नाव होतं. तब्येतीबद्दल एक अक्षर नाही.

"त्याले सारं मालूम होतं, भाऊ," धनराज म्हणाला. "एक डिस्क गेली, त्याची सोताची बॅटरी उतरली, सारं. बोलाले फक्त भोंगा होता."

तेव्हापासून तो दुपारी दुकान बंद करून कोड लिहायला लागला. कार्डाची तब्येत त्या फोल्डरात कोणालाही वाचता यावी म्हणून. कर्नेल सांभाळणाऱ्या दूरदेशीच्या माणसांकडे त्याने तो पाठवला. पहिल्यांदा परत आला.

"काऊन?" मी विचारलं.

"मी एकाच फाइलीत सारा हाल लिवला होता. ते म्हणतेत, एका फाइलीत एकच गोष्ट पाह्यजे. आन् कार्ड जे सांगते तेच. आपल्या पदरचं नाई टाकाचं."

"मंग आमच्या धंद्यात नाई चालत ते लोक," मी म्हणालो. तो हसला नाही.

या सगळ्या महिन्यांत ठमाबाई येतच होती, आणि तो तिला सांगत होता, दुरुस्ती चालू आहे. मी शेजारी बसून झग्यांची बटणं शिवत असायचो. डाळीची पुडी तो घरी न्यायचा नाही. खोलीच्या फळीवर पुड्यांची ओळ लागली होती.

श्रावणात त्याचा कोड स्वीकारला गेला. त्याने सर्व्हरमध्ये नव्या डिस्का घातल्या आणि मला दाखवायला त्यातली एक मुद्दाम उपसली. फाइल उघडली. पडद्यावर एकच शब्द आला: डिग्रेडेड. एक अंग गेलेलं.

"पाह्यलं, भाऊ? भोंगा बंद केला तरी आता इथी दिसते."

दारात ठमाबाई उभी होती. "काय दिसते जी?"

धनराजने तिला दुसरं स्टूल दिलं. "कार्डाची तब्येत, बाई. विचारलं का खरं सांगते."

"बरं हाये. माह्या बुढ्याले दवाखान्यात ठेवलं तवा तो डॉक्टर बी तुह्यासारखाच म्हणे, चालू हाये, चालू हाये." तिने पिशवीतून पुडी काढली. मग तिची नजर फळीवरच्या ओळीवर गेली. तिने पुडी परत पिशवीत ठेवली. "गेलं का रे पोरा?"

धनराज उठून उभा राहिला. "गेलं, बाई. एकबी पद नाई राह्यलं. मशीन भोंगा वाजवून सांगत होती, तो बंद केला. तवाच पाह्यलं असतं तं वाचलं असतं."

तिने सर्व्हरच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "तू तं असा बिनडोक नाई. कोनं सांगतलं होतं बंद कराले?"

पुढचं वाक्य माझं होतं. चाळीस वर्षांत मी कधी एन्ट्री चुकवली नाही. माझ्या हातात सुई होती, मी ती बटणात ओवत राहिलो. धनराजने एकदा माझ्याकडे पाहिलं. विंगेतून पत्रूभाऊ बघायचा, तसं.

"कोनंच नाई, बाई," तो म्हणाला. "माह्याच मनानं केला."