एजंटाच्या पुस्तिकेत नसलेली अरबी

तुमच्या घरातलं माणूस आखातात कामाला निघालं, तर त्याला अरबीतलं पहिलं वाक्य कोणतं शिकवाल?

माझ्या मामेभावाला एजंटानं शिकवलं ते असं: 'हो साहेब, लगेच करतो.' हा दादा कबनूरला यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. ओमानमधल्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. एजंटाची देवनागरीत छापलेली अरबी पुस्तिका त्यानं मला दाखवली. तिच्यात नमस्कार होता, माफी होती, 'चहा आणू का' होतं. 'मी आजारी आहे' नव्हतं. 'माझा पासपोर्ट द्या' तर नव्हतंच.

माझे वडील कामगारांची पत्रकं काढत आले. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. त्याच दुपारी वही काढून मी वाक्यं लिहिली, 'आमच्या श्रमाचा अपमान आम्ही खपवून घेणार नाही' अशा थाटाची अकरा, आणि कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतल्या चाचांकडे गेले. त्यांचा जन्म अरबी शिकवण्यात गेलेला.

चाचांनी पान वाचून चष्मा काढला. "पोरी, करून देतो अरबीत. पण अंगात ताप असला की माणसाला एवढं बोलता येतं का?"

राग आला, पण म्हातारा बरोबर होता. आम्ही खोडून साधं लिहीत बसलो. उरलं ते एवढंच: 'अना मरीद', मी आजारी आहे. 'अल-जवाज हक्की', पासपोर्ट माझा आहे.

"हक्क? हा तर आपला शब्द," मी म्हणाले.

"अरबीतनंच आलाय. तुझ्या बापानं जन्मभर तोच छापला की."

हक्क, अर्ज, कायदा, वकील. आमच्या पत्रकांचा निम्मा दारूगोळा तिकडून आलेला. हे शब्द मराठीतून हाकला म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्याशिवाय एक अर्ज लिहून दाखवावा.

दादा मात्र बिथरला. "ए पुढारीण, मला तिकडं मोर्चा काढायचा न्हाय. एजंटानं हा कागद बघितला तर यादीतनं नाव काढून टाकंल माझं."

"मग कागद नेऊ नकोस. पाठ कर."

आठवडाभर मी कबनूरला जात राहिले. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. चौथ्या दिवशी 'अना मरीद'चा अर्थ कळलेला शेजारचा कामगार म्हणाला, "आज बी आजारी हायस व्हय रं?"

दादा ओमानला गेला. दोन महिन्यांनी फोनवर त्याचा आवाज आला. खोलीतला बिहारी सोबती तापानं फणफणला होता आणि मुकादम त्याला कामाला उठवत होता. दादानं मध्ये उभं राहून सोबत्याकडं बोट केलं आणि 'मरीद, मरीद' म्हणत राहिला. शेवटी डॉक्टर आला.

"आता ऐक," दादा म्हणाला. "'वाचल्याशिवाय सही करणार न्हाय' हे कसं म्हणायचं? लवकर पाठीव. सहीला कागद म्होरं ठेवलाय, आम्ही चौदाजण थांबलोय."

चाचांनी सांगितलं, मी पाठवलं. आता आम्ही आमची पुस्तिका छापतोय, पण वाक्यं कमी पडतात. तुमच्या ओळखीचं कुणी आखातातून परतलं असेल, तर आजच विचारा: तिथं कोणतं वाक्य हवं होतं आणि आलं नाही? ते लिहून घ्या, जाणकाराकडून अरबीत करून घ्या, आणि पुढचा माणूस विमानात बसण्याआधी त्याच्याकडून पाठ करून घ्या.