ओटीतला कापूस

"थापा पुरे. तुमच्या भूमिकेचं वाक्य वाचा," सर म्हणाले, आणि स्क्रीनवरचे तीस चौकोन हसले.

वाक्य होतं, 'वाघाच्या हल्ल्यात मृत झालेली महिला मनाई असताना निष्काळजीपणे जंगलात शिरली होती.'

ती महिला माझी माय.

कोर्स ऑनलाइन, पदव्युत्तर. सहकार्य आणि पर्यावरणीय संघर्ष निवारण. हे नाव उच्चारून होईस्तोवर माणूस केळापूरहून पांढरकवड्याला पायी जाऊन चहा पिऊन येतो. भांडणाऱ्यांना एकत्र कसं बसवावं, ते त्यात शिकवतात. वाघाचं नि गावाचं भांडण आमच्याएवढं कोणाला ठाऊक? म्हणून मी नाव घातलं.

पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. मी सुटलोच. आमच्याकडचं ऊन असं, की सावलीच झाडाखाली जाऊन बसते. नेटवर्कसाठी मी एवढ्या उंच टाकीवर चढतो, की उतरेपर्यंत दाढी वाढते. (टाकी थाप होती. नेटवर्क अंगणात येतं.) पुण्या-मुंबईची मुलं खिदळली. आमच्याकडे नव्या माणसांत बसायची हीच रीत. आधी थाप, मग सुखदुःख. तिकडे पहिल्या थापेवरच माणसाची किंमत ठरते, हे मला कुठं ठाऊक!

पुढे सरांनी अभ्यासाला एक प्रकरण दिलं. गावाचं नाव झाकलेलं, पण नाला आमचा, वळण आमचं, बाई आमची. भूमिका वाटल्या. मी वनाधिकारी.

मी म्हटलं, "सर, ही माझी माय आहे. ती जंगलात नव्हती. आमच्या वावरात कापूस वेचत होती."

कोणीतरी खाली लिहिलं, 'यांच्या गोष्टी भारीच असतात!' हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग सर ते म्हणाले. थापा पुरे. वर म्हणाले, "मार्क भूमिकेला आहेत."

आणि मी वाचलं. खणखणीत. स्क्रीनवर टाळ्या उगवल्या.

बाजूला बाजेवर बाबा बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण्या बाईचं वाचून राह्यला रे?"

"अभ्यास आहे, बाबा."

"कोणाची का असंना. बिचारी," ते म्हणाले.

जन्मभर मी हजार थापा मारल्या, एकीनंही कोणाच्या अंगाला ओरखडा उठला नाही. ही थाप माझी नव्हती, आणि तीच मी मायवर घातली. मार्कांसाठी.

संध्याकाळी बाबांना सांगून टाकलं, ती बिचारी कोण ते. ते उठले. माय सापडली तेव्हा तिच्या कमरेला ओटी, म्हणजे वेचणीची झोळी, बांधलेली होती, वेचलेल्या कापसानं भरलेली. बाबांनी ती कधी रिकामी केली नाही. खुंटीवरून काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

पुढच्या तासाला मी ओटी कॅमेऱ्यासमोर धरली.

"आज काय नवीन?" सरांनी विचारलं.

"सर, जंगलात कापूस पिकत नाही."

कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "तुमच्या भावना समजतात. पण वनखात्याचा हा अहवाल अधिकृत आहे. पुढे जाऊ." माझा माइक त्यांनी बंद केला.

मी ओटी कॅमेऱ्यापुढे टांगली नि बाजूला झालो. तेव्हापासून माझ्या चौकोनात मी नसतो. ती असते. डाग पडलेली, भरलेली.

शेवटी या प्रकरणाचा समझोता लिहून द्यायचा आहे. माझं पहिलं वाक्य तयार आहे, 'ती आपल्या वावरात होती.' नापास करा, सर. दुसरं वाक्य मी लिहिणार नाही, जोवर हे पहिलं तुम्ही तुमच्या तोंडानं, माइक चालू ठेवून, वाचत नाही.