म्हशीच्या पाठीवरचा बगळा

नव्वदच्या दशकाच्या मध्यात माझं पहिलं पुस्तक छापून आलं. तेव्हा मी किन्हवलीजवळच्या एका शाळेत तिसरीला शिकवत होते. तळ्यात उतरलेली आणि काही केल्या बाहेर यायला तयार नसलेली एक म्हैस, एवढीच गोष्ट. पण तिच्यातलं एकेक वाक्य मी मोठ्यानं वाचून, खोडून, पुन्हा लिहिलं होतं. पुस्तक वर्गात नेलं तेव्हा ते या हातातून त्या हातात फिरलं आणि एका मुलीनं मान वर करून विचारलं, "बाई, ही म्हस कोनी काढली?"

"शहापूरच्या चित्रकलेच्या सरांनी."

"मंग त्यांना आना ना शालेत."

मुखपृष्ठावर माझं नाव मोठ्या अक्षरांत होतं. गोष्ट कोणी लिहिली, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

सरांचं नाव प्रकाशकांना मीच सुचवलं होतं. एका प्रशिक्षणात त्यांनी फळ्यावर बैलजोडी काढली होती, ती माझ्या मनात राहिली होती. सर माणूस अबोल. त्यांनी माझ्या म्हशीच्या पाठीवर एक बगळा बसवला. माझ्या गोष्टीत बगळा नव्हताच. कुठल्या पानावर तो शिंगावर, कुठं गवतात लपलेला, तर कुठं नुसताच पाय दिसणारा. मुलं पानं उलटायची ती त्याला शोधायला. मी वाचत असताना मधेच कोणीतरी ओरडायचं, "ह्यो बघ, हितं हाय!" आणि माझं वाक्य तिथंच तुटायचं.

पुढं वैशाखरे गावच्या शाळेनं आम्हा दोघांना बोलावलं. मी गोष्ट सांगितली, मुलांनी शांतपणे ऐकली. मग सरांनी खडू घेऊन व्हरांड्यातल्या फरशीवर चित्र काढायला सुरुवात केली आणि माझ्यासमोरची सगळी मुलं उठून तिकडं गेली. शिक्षकही गेले. मी एकटीच खुर्चीवर बसून राहिले. परतीच्या एसटीत सर म्हणाले, "बाई, तुमच्या गोष्टीत काढायला खूप काही असतं." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. मला मात्र ते झोंबलं.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी प्रकाशकांना सांगितलं की चित्रकार बदलू या. कारण काहीतरी गुळमुळीत दिलं. मुंबईच्या एका चित्रकारानं चित्रं काढली. रंग झकास होते. पण माझ्या गोष्टीतल्या घराला त्यानं धुराडं लावलं, आणि भातलावणीच्या पानावर बायका हातात फुलांच्या परड्या घेऊन उभ्या होत्या. वर्गात पुस्तक उघडल्यावर मुलं जरा वेळ बघत राहिली. "बाई, ह्ये कुठलं गाव?" एकानं विचारलं. पुस्तक कपाटात गेलं, ते कोणी पुन्हा मागितलं नाही.

त्याच सुमारास सरांचं स्वतःचं पुस्तक निघालं. त्यात एकही शब्द नव्हता. वीटभट्टीवर गेलेलं एक कुटुंब आणि मागं गावात राहिलेली त्यांची कुत्री, एवढंच, सगळं चित्रांत. आमच्या शाळेत त्याची प्रत आली. वाडीवरची एक मुलगी, जी वाचायला उभी केली की जमिनीकडं बघायची, ती ते पुस्तक मांडीवर घेऊन धाकट्या भावाला गोष्ट सांगत होती. मी दाराशी थांबले. "ही बग, ती वाट बगते. तिला सांगतलंच नाय कोनी, आमी जातव म्हनून."

हे वाक्य माझं असायला हवं होतं. इतक्या वर्षांत मला तसं एकही लिहिता आलं नव्हतं, आणि सरांनी एक अक्षरही न लिहिता ते त्या मुलीकडून बोलवून घेतलं होतं.

काही महिन्यांनी सर स्वतःच माझ्या घरी आले. सोबत नव्या चित्रांची गुंडाळी. "यांना शब्द हवेत," ते म्हणाले. "मला ते जमणार नाहीत. तुम्ही लिहाल?"

नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण चित्रं जमिनीवर पसरली, आणि मी त्यांच्याभोवती गुडघ्यांवर फिरत राहिले. लिहून दाखवल्यावर सरांनी माझी अर्धी वाक्यं पेन्सिलीनं हळूच खुणावली. "हे चित्रात दिसतंय, बाई."

"मग माझं काय उरलं?"

"जे दिसत नाही ते."

मी रागातच ती वाक्यं काढली. उरलेली वाचली, तेव्हा ती बरी वाटली.

पुढची सगळी पुस्तकं आम्ही तशीच केली, आधी चित्रं, मग शब्द. मत्सर गेला असं म्हणणार नाही. त्यांचं पाकीट आलं की मी ते लगेच उघडत नसे. चहा करी, वह्या तपासून घेई, अंगणातले कपडे काढी. कारण एकदा ती चित्रं पाहिली की पुढचे काही दिवस मला स्वतःचं काहीच लिहवत नसे.