सुटे दगड, पुरलेले दगड

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळला आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत वडील बाग करत होते. ते गिरणीत फिटर. सुट्टीच्या दिवशी शिवडीच्या किनाऱ्यावरून हातगाडीने काळे दगड आणायचे. काही नारळाएवढे, काही पाट्याएवढे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ माजली होती. मधून दगडांची वाट काढायची होती. वडील दगड जमिनीवर मांडत, लांबून बघत, पुन्हा ढिगात टाकत. "ठेवल्यासारखे दिसतात," म्हणत. असे चार महिने गेले.

एका सकाळी हवालदार आला. आदल्या दिवशी नाक्यावर दगडफेक झाली होती.

"हा दारूगोळा कुणाचा?"

"बागेचा आहे, साहेब."

"मोर्चा निघाला की बाग हवेत उडते. पाचला ट्रक येईल. सुटे दगड सगळे जाणार."

"सुटे म्हणजे?" वडिलांनी विचारलं.

"हातानं उचलतील ते. पुरलेल्याचं मला काय करायचंय?"

तो वळला आणि वडील पहार आणायला धावले. मी वर्तमानपत्रात नवा होतो, त्या दिवशी घरीच होतो. मी कुदळ घेतली. पाळीवरून परतलेले चौघे शेजारी न जेवताच खाली उतरले. आता बघत बसायला वेळ नव्हता. खड्डा, दगड, माती, पाणी, धुम्मसाचे ठोके; पुढचा खड्डा. पहिल्या मजल्यावरच्या मावशी कठड्यावरून ओरडल्या, "पेरताय तर खरं, उगवले की आम्हाला वाटा द्या हो!"

तीनच्या सुमारास वडील थांबले. दगडांचा फक्त माथा वर राहिला होता. अळवाची पानं त्यावर टेकली होती. जमीन झाली तेव्हापासून ते दगड तिथंच असावेत, असं वाटत होतं.

"अरे, पुरायचेच होते!" वडील मोठ्यानं म्हणाले. "चार महिने नुसते ठेवत बसलो!"

त्यानंतर त्यांचा हात आवरेना.

पाचला ट्रक आला. हवालदार प्रत्येक दगडावर पाय देत कर्दळीपर्यंत गेला. शेवटचा दगड त्याच्या पायाखाली डुगडुगला. हवालदारानं मागे ट्रककडे पाहिलं, मग टाचेनं कडेची माती दाबली. दोनदा, तीनदा. पुन्हा पाय ठेवून पाहिला.

"बसला," तो म्हणाला.

ट्रक रिकामा गेला.